ग्रीक सरदार आणि नऊ फुटांची पाणंद

त्या उन्हाळ्यात मी दोन माणसांवर चिडलेली होते. एक तेवीसशे वर्षांपूर्वी मेलेला होता आणि दुसरा आमच्या मामाच्या तालुक्याला, कचेरीत, पंख्याखाली बसलेला होता. तालुक्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की आमच्याकडे माणसं लगेच सापडतात. देवणी आणि उदगीरच्या आसपासचा मुलूख, एवढं पुरे.

मी लातुरात राहत होते. ट्यूशनच्या पोरांनी भरलेल्या भागात, जिन्याखालच्या एका खोलीत. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढणाऱ्या एका सरांसाठी मजकूर लिहायचं काम होतं. जगाचा इतिहास निघणार होता आणि माझ्या वाट्याला आलेलं प्रकरण होतं ग्रीकांच्या पूर्वेकडच्या राज्यांचं. मोठा विजेता मेला, त्याच्या सेनापतींनी राज्य वाटून घेतलं, कुणी सीरिया धरला, कुणी इजिप्त. पुढे काय, तर राजधान्या, नाणी, कर आणि शेवटी वीस प्रश्न.

त्या प्रकरणाच्या नादात मला तो सापडला. समुद्रापलीकडच्या ग्रीक गावातला, बड्या घरातला माणूस. आपलं गाव सोडून इजिप्तच्या ग्रीक राजाच्या चाकरीत गेला आणि एका मोठ्या जहागिरीचा कारभार बघू लागला. द्राक्षमळे, विणकर, गाढवं, कालवे, सगळं त्याच्या हाताखाली. तिथल्या लोकांची भाषा त्याला कितपत येत होती कोण जाणे. लोक त्याच्याकडे अर्ज घेऊन यायचे आणि ते अर्ज अजून शिल्लक आहेत. वाळूत पडून राहिले, कुजले नाहीत. मोबाईलवर मी त्यांचे फोटो बघत बसायचे. पिवळे पडलेले, कडा खाल्लेले कागद.

एक अर्ज मधमाश्या पाळणाऱ्यांचा होता. आमची गाढवं परत द्या, शेतात पाणी सोडणार आहेत, पोळी हलवली नाहीत तर सगळं वाहून जाईल, असा त्याचा मतलब. दुसऱ्या एका अर्जात कुणी तक्रार करतो की मी ग्रीक नाही म्हणून मला तुमची माणसं कस्पटासमान वागवतात. हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आणि तो काय करायचा? अर्ज आला की कागद उलटा करून पाठीवर नोंद. कुणाचा, कुठल्या दिवशी मिळाला, कशाबद्दल. झालं. पोळी वाचली का, गाढवं मिळाली का, ते पाठीवर लिहिलेलं नाही.

मी त्याच्यावर चार पानं लिहिली. मथळा दिला, ‘दुसऱ्याच्या गावातला साहेब’.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय आहे?"

"प्रकरण."

"हे भाषण आहे, बाई. परीक्षेत असं येतं का? ‘खालीलपैकी कोणत्या अर्जदाराचं काळीज तुटलं?’"

कार्यालयातले सगळे हसले. मीही हसले, पण पानं परत घेतली नाहीत. मी त्या वळणाचीच नाही. आमचं घर नांदेडचं. वडील कामगारांची पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कागदांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे. मुळाक्षरं मी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. दुसऱ्या बाजूला ‘जाहीर निषेध’ असायचा, त्याची शाई पलीकडून दिसायची. कुठे अन्याय दिसला की दुसऱ्यांच्या घरात चहा टाकतात, तसं आमच्या घरात पत्रक टाकायचे. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं.

एप्रिलच्या अखेरीला मामीचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बसलेला होता. पाणंद बंद केली म्हणाली. पाणंद म्हणजे शेतात जायची गाडीवाट. मामाचं शेत आत आहे. गावातून निघायचं, शेजारच्या मालकाच्या बांधाच्या कडेनं जायचं, मग मामाचं रान. मालक म्हणजे गावातला मोठा शेतकरी, सगळे त्याला मालकच म्हणतात. त्यानं जेसीबी लावून वाटेवर आडवा चर खणला होता आणि वर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या.

"मग मामा आता कुठून जातो?"

"वड्यातून. पर वड्याला पानी आलं की कुठून जायाचं? बैलं रानात, मानसं गावात."

वडा म्हणजे मधला ओढा. मामाची देवणीची बैलजोडी आहे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कान लोंबते, चाल अशी की बघत राहावं. दोन गाई. सगळं रानातल्या गोठ्यात. मिरगाच्या आत वाट मोकळी झाली नाही तर पेरणी होणार नाही. मग दोनच रस्ते होते, जोडी बाजारात न्यायची किंवा जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, त्याच मालकाला द्यायची. मामीनं हे एका दमात सांगितलं आणि म्हणाली, "मामाला सांगू नको मी बोलले म्हनून."

मी मामाला विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. फोन ठेवला आणि लिहायला बसले. एका बैठकीत पत्रक झालं. ‘सरकारी पाणंद गिळणाऱ्या सरंजामशाहीचा जाहीर निषेध!’ पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक वाटा बळकावणारं घराणं. तालुक्याच्या कचेरीतल्या पंख्याखाली झोपलेलं प्रशासन. खाली मामाचं नाव, माझं नाव, आणि ‘समस्त कष्टकरी शेतकरी’. समस्त म्हणजे कोण, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारत नसे.

उदगीरला ज्यांच्या छापखान्यात वडिलांचीही पत्रकं पूर्वी निघायची, ते अप्पा अजून बसतात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. मजकूर वाचून म्हणाले, "पुन्हा क्रांती का, माय?"

"छोटी आहे, अप्पा."

"तुझ्या बापाची बी छोटीच असायची. कागद मात्र मोठा लागायचा." मग मामाच्या नावावर बोट ठेवलं. "ह्यांना इचारलंस?"

"मामाच आहेत."

"तेच म्हनलालो. इचारलंस का?"

मी म्हणाले, हो. ते खोटं होतं. लिहून ठेवायला हरकत नाही, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या बसस्टँडवर मी पत्रकं वाटली. लोकांनी घेतली, वाचली, काहींनी शेंगदाणे गुंडाळले. मला बरं वाटत होतं. दुपारच्या गाडीनं मामाच्या गावी गेले आणि अंगणात पाऊल टाकलं, तर मामा बाजेवर बसलेला. हातात पत्रक. माझ्या आधी पोचलेलं.

"ये भाचीबाई," मामा म्हणाला. "बस. पानी पी. मंग सांग, तुला कुनी सांगितलं व्हतं हे कराया?"

"अन्याय झालाय मामा—"

"आन्याय माज्यावर झालाय का तुज्यावर?"

मामी आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मग मला कळलं ते असं. पारावर आठ दिवसांपूर्वी बैठक झाली होती. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी मालकाला बसवलं होतं. भांडण मुळात पाणंदीचं नव्हतंच, मामाच्या गाईनं मालकाचा कोवळा ऊस खाल्ला होता आणि मामीनं मालकाच्या सालगड्याला नाही ते बोलून घेतलं होतं. मालकानं म्हाताऱ्यांना शब्द दिला होता, आखितीनंतर चर बुजवतो. म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर. गावात असा शब्द कागदापेक्षा जड असतो. मामा गप्प राहून दिवस मोजत होता.

"आनि ही पानंद सरकारी न्हाई," मामा म्हणाला. "ही मालकाच्या बापानं दिलेली हाय. आपल्या रानातली बारा फूट सोडली म्हाताऱ्यानं. माज्या बापाला म्हनला, तुजी गाडी वड्यात उलटती, इकडून जात जा. कागद न्हाई, काय न्हाई. आनि तू त्या मेलेल्या मानसाला चोर छापलंस."

मला आजही तो क्षण आठवला की खुर्चीत नीट बसवत नाही. मी काहीतरी बोलले. हक्क, वहिवाट, उपकार म्हणून दिलेली वाट हीसुद्धा गुलामीच, असं काहीतरी. मामानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लई शिकलीस. आता मालकाकडं जाऊन सांग हे."

मालकानं शब्द मोडला. म्हणजे त्याच्या मते मोडला नाही, आम्हीच मोडला. त्यानं म्हाताऱ्यांना निरोप दिला की पत्रकात तो चोर आहे, आणि चोर कधी दिलेला शब्द पाळतो का?

लातूरला परत आले. प्रकरण पुरं करायचं होतं. सर रोज विचारायचे, तुझा तो सरदार कुठवर आला? मी लिहायचे आणि खोडायचे. चार पानांतला राग आता मला खोटा वाटायला लागला होता, पण नम्र झाले असं म्हणणंही खोटं ठरेल. मी नुसती अस्वस्थ होते. जेवण उरायचं. खोलीत बसवेना म्हणून औशाच्या रस्त्यानं लांब चालत जायचे आणि चालतानाही मनात मालकाशी भांडत असायचे. भांडणात मी रोज जिंकायचे.

दहा-बारा दिवसांनी तहसील कचेरीतून मामाला बोलावणं आलं. सोबत माझंही नाव. मी बरोबर निघाले. मनात सगळी वाक्यं तयार होती. तहसीलदार नवे होते, पश्चिमेकडच्या कुठल्याशा जिल्ह्यातले, जमीनजुमला असलेल्या घरातले, बोलणं घासून पुसून. त्यांना बघताच मला माझा ग्रीक सरदार आठवला. समुद्रापलीकडून आलेला, लोकांच्या भाषेत न बोलणारा.

"बसा," ते म्हणाले. मी बसले.

त्यांच्यापुढे माझं पत्रक होतं, पालथं. पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं. मी उलटं वाचायला शिकलेली आहे, वडिलांबरोबर छापखान्यात बसून बसून ते आलं. तारीख होती. ‘बसस्टँडवर वाटप’ होतं. मामाचं नाव होतं. आणि त्याखाली, ‘पाणंद अडवली. गट नंबर नाही. लांबी-रुंदी नाही. कधीपासून वहिवाट, नाही. अर्ज नाही.’

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या पत्रकात माझ्या पंख्याचा उल्लेख आहे, पण रस्ता कुठून कुठे जातो त्याचा नाही."

मी म्हणाले, "ते शोधणं तुमचं काम आहे."

"बरोबर. म्हणूनच बोलावलं." आवाज चढला नाही. "नकाशावर ही वाट नाही. सरकारी नाही. पण वर्षानुवर्षं गाडी जात असेल तर ती अडवता येत नाही. त्यासाठी साधा अर्ज लागतो, एक पान. विशेषणं नकोत."

त्यांनी माझ्याकडे कोरा कागद सरकवला. मी तिथंच लिहायला लागले आणि पहिल्याच ओळीला अडले. मला गट नंबर माहीत नव्हता. वाट किती लांब, माहीत नव्हतं. ज्या शेतासाठी मी एवढं पेटले होते, त्या शेतात मी लहानपणी हुरडा खायला गेले होते, तेवढंच. मामानं एकेक सांगितलं, मी उतरवलं. त्याला सगळं पाठ होतं. सहीसाठी मान वर केली तेव्हा लक्षात आलं, मामा अजून उभाच होता. टोपी हातात. साहेबांनी त्याला बसा म्हटलं नव्हतं. आणि मीही म्हटलं नव्हतं. मी आपली खुर्चीत.

साहेबांचा राग आला, तो आजही आहे. पण त्या दिवसापासून तो एकट्या साहेबांवर राहिला नाही.

शिपायानं अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. मामानं ती घडी करून टोपीत ठेवली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता?"

"आता नोटीस जाईल मालकाला. मंग साहेब येतील बघाया. मंग हुकूम. मंग मालक जाईल वर प्रांताकडं, तिथून स्टे आनंल. मंग वड्याला पानी."

"मग उपयोग काय?"

"साहेबापेक्षा मालक जवळ हाय," मामा म्हणाला. "तू मालकाकडं चल."

मी नाही म्हणाले. तीनदा म्हणाले. मामा बसस्टँडवर उसाचा रस पीत उभा राहिला. शेवटी मी गेले.

मालक ओसरीवर होता. आम्हाला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं, चहा दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नांदेडची का? लई शानी दिसतीस. माजा बाप बगितला व्हतास तू?"

"नाही."

"मंग चोर कसा म्हनलीस?"

मी म्हणाले, "चूक झाली. पण चर खणणंही चूकच आहे."

"माजी चूक मी बघतो. तुजी तू बघ." मग त्यानं अट सांगितली. सावकाश, जणू आधीच ठरवून ठेवलेली. "जितकी पत्रकं वाटलीस, तितकीच परत छाप. त्याच छापखान्यात. त्याच बसस्टँडवर, बाजाराच्या दिवशी, तूच वाट. माज्या बापाचं नाव धुऊन दे. दुसऱ्या दिवशी चर बुजवतो."

"आणि तोंडी माफी मागितली तर?"

"तोंडी चोर म्हनली असतीस तर तोंडी घेतली असती."

बाहेर येऊन मी वडिलांना फोन लावला. मला वाटलं, ते तरी माझ्या बाजूचे. सगळं त्यांना सांगितलं.

"मी माघार छापलेली नाही कधी," ते म्हणाले.

"म्हणजे मीही छापू नको ना?"

"ते मी कुठं म्हटलं? तुझ्या आईच्या माहेरी मी कधी कुणाच्या कामालाही आलेलो नाही. तेही धरून विचार कर."

विचार काय करायचा. पेरणी तोंडावर होती.

मी मजकूर लिहिला. सहा वेळा लिहिला. पहिल्या दोन खर्ड्यांमध्ये माफी कमी आणि वाद जास्त होता. तिसऱ्यात मी एक हुशारी केली. मालकाच्या वडिलांनी बारा फुटांची वाट कायमची दिली होती, असं ठळक छापायचं. म्हणजे माफीही झाली आणि उद्या मालक फिरला तर त्याच्याच मान्यतेचा छापील पुरावा मामाच्या हाती. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मामाला वाचून दाखवलं.

"हे असंच मालकाला वाचून दाखव," मामा म्हणाला.

"वाचून दाखवलं तर तो काढायला लावेल."

"मंग काढ. लपवून मिळालेल्या वाटंनं मी बैल न्हेत नसतो."

दाखवलं. मालक हसला, पहिल्यांदाच. "बारा फूट कोन म्हनलं? म्हातारा म्हनला व्हता, गाडी जाईल एवढी."

"बाराच होती," मामा म्हणाला.

"तू मोजली व्हतीस?"

कुणीच मोजली नव्हती. आणि नेमक्या त्या दुपारी साहेब स्थळ पाहणीला आले. नोटीस निघालेली होती, त्यांची तारीख ठरलेली होती. चराजवळ उभे राहून त्यांनी दोघांचं ऐकलं. मी आत्तापर्यंतचं सगळं सांगितलं, माफीच्या पत्रकासकट. ते म्हणाले, तडजोड होत असेल तर उत्तम, मी ती आदेशात घेतो, दोघांच्या सह्या घेतो, म्हणजे पुन्हा अपील नाही. पण ‘गाडी जाईल एवढी’ असं आदेशात लिहिता येत नाही. आकडा पाहिजे.

"मंग गाडी मोजा," मालक म्हणाला.

आणि खरंच मोजली. मामानं ओढ्यातून फिरवून बैलगाडी आणली. तलाठ्यानं टेप काढली. चाकापासून चाकापर्यंत किती ते धरलं. मग वाद झाला, बैल वळताना जागा लागते की नाही. मालक म्हणाला, बैल काय नाचतात का? मामा म्हणाला, माझी जोडी देवणीची आहे, तुझ्या ट्रॅक्टरसारखी मुकी नाही, पाखरू उडालं तरी बाजूला सरकते. साहेबांनी बूट ढेकळांत घालून स्वतः टेपचं टोक धरलं. कपाळावर घाम. त्या वेळी मला माझा सरदार पुन्हा आठवला, आणि मी पहिल्यांदा त्याच्याबद्दल असा विचार केला की तोही कधी उन्हात उभा राहून कुणाच्या गाढवाच्या वाटेसाठी दोरी धरून राहिला असेल का. असेलही. म्हणून तो चांगला ठरत नाही. राजा त्याचाच होता, जहागीर त्याच्याच लोकांची होती. पण मी चार पानांत त्याला नुसता खुर्चीत बसवून ठेवला होता. माझ्याकडे त्याच्या खुर्चीचाही पुरावा नव्हता.

नऊ फूट ठरली. तीन फूट गेली. मी मधे पडले, "सोयाबीनचं हार्वेस्टर नऊ फुटांतून येत नाही, मामा!"

"हार्वेस्टर मालकाचं हाय," मामा म्हणाला. "कापनी आपन विळ्यानं करू."

साहेबांनी लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. मामाला त्या दिवशी बांधावर बसूनच सही करता आली, कारण तिथे खुर्ची कुणालाच नव्हती.

मी उदगीरला गेले. अप्पांनी मजकूर वाचला. दोनदा वाचला. ‘मी, खाली सही करणारी, मागच्या पत्रकात लिहिलेली पुढील गोष्ट खोटी होती असं जाहीर करते. ही पाणंद सरकारी नव्हती. ती शेजारच्या शेतकऱ्याच्या वडिलांनी आपल्या रानातून स्वतः होऊन सोडलेली होती. मी त्यांना पाहिलेलं नाही, विचारलेलं नाही. माझ्या मामांनाही न विचारता त्यांचं नाव घातलं.’ पुढे नऊ फूट, कुठून कुठे, दोन्ही गट नंबर. विशेषण एकही नव्हतं.

"कागद कुठला?" अप्पांनी विचारलं.

"तोच. गुलाबी."

बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर उभी राहिले. पहिलं पत्रक वाटताना मी लोकांच्या डोळ्यांत बघायचे, या वेळी हातांकडे बघत होते. एका बाईनं वाचून विचारलं, "म्हंजे तू खोटं छापलं व्हतंस?" हो म्हणाले. "आनि आता खरं कशावरून?" मी नऊ फुटांच्या ओळीवर बोट ठेवलं. एक म्हातारा म्हणाला, चांगलं केलंस, आणि ते ऐकून मला जास्तच लाज वाटली.

दुपारी मालक स्वतः आला. माझ्याकडून एक घेतलं. उभ्या उभ्या, ओठ हलवत सगळं वाचलं. मग खिशातून घडी केलेलं पहिलं पत्रक काढलं, शेजारी धरलं.

"ह्यात तुजं नाव केवडं मोठं छापलंय," तो म्हणाला. "आनि ह्यात मुंगीएवडं."

खरं होतं. मी अप्पांना तसं सांगितलं नव्हतं, पण खर्ड्यात नाव मीच लहान लिहिलं होतं आणि अप्पांनी जसं होतं तसं लावलं. मी सबब सांगणार होते. सांगितली नाही. उरलेला गठ्ठा पिशवीत टाकला आणि उदगीरची गाडी धरली. अप्पांनी नाव मोठं केलं, यंत्र चालू केलं. पुढचा बाजाराचा दिवस येईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात मामानं फोन केला नाही आणि मीही केला नाही. आभाळ भरून यायचं आणि जायचं. ओढ्याचं काय झालं असेल, या विचारानं मी सरांच्या कार्यालयात वीसच्या वीस प्रश्न चुकीच्या क्रमानं लावले.

प्रकरणही दिलं, पण त्यात सरदाराच्या वाट्याला पाचच ओळी. अर्ज यायचे, अधिकारी पाठीवर नोंद करायचा, अर्जदारांत स्थानिक लोकही असत, आणि बऱ्याच अर्जांचं पुढे काय झालं ते माहीत नाही. सरांनी शेवटचं वाक्य खोडलं. परीक्षेत ‘माहीत नाही’ असा पर्याय नसतो म्हणाले. मी भांडले. ते वाक्य परत बसवलं गेलं, की सरांनी छापताना पुन्हा काढलं, ते मी पुस्तक उघडून अजून बघितलेलं नाही.

दुसऱ्या बाजाराला मोठ्या नावाची पत्रकं वाटून संपली. मालकानं एक घेतलं, नाव बघितलं, मान हलवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीनं चर बुजवला. मामानं बैल जुंपून आणले. जोडी चराच्या तोंडाशी आली आणि थांबली. ताजी माती, भुसभुशीत, पाय टाकला तर आत जाईल, हे त्यांना कळत होतं. मामानं चाबूक उचलला नाही. नुसता च्‌च्‌ करत राहिला. मागे ओढ्याकडून गार वारा येत होता आणि तिकडे काळं झालं होतं. मला वाटत होतं, खेचा त्यांना, ढकला, कशाचीही वाट कशाला बघायची. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मालक त्याच्या बांधावर उभा होता. बराच वेळ बघत राहिला. मग धोतर खोचून खाली उतरला आणि पायानं माती दाबायला लागला, एका कडेपासून. मामानं कासरा सोडला, दुसऱ्या कडेपासून दाबत निघाला. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. मी चपला काढल्या आणि मधल्या भागात उभी राहिले. माती गरम होती आणि पायाखाली सारखी बसत होती. बैल मान तिरकी करून बघत होते, आणि आम्ही तिघं दाबत होतो.